ध्यानाच्या नादात स्टेशन गेलं

खिडकीवाला (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळची मेट्रो, दाराशेजारचा कोपरा मिळालेला, कानात इअरफोन. आत एक बाई लोण्यासारख्या आवाजात सांगतायत, "आत्ता जिथे आहात तिथेच राहा. कुठेही जायचं नाहीये." मी राहिलो. इतका मनापासून राहिलो की माझं स्टेशन गेलं, त्याच्या पुढचंही गेलं, आणि डोळे उघडले तेव्हा दारं भलत्याच बाजूला उघडत होती.

ऑफिसला बावीस मिनिटं उशीर. अ‍ॅपने मात्र शाबासकी दिली: सलग एकोणीस दिवस, असंच चालू ठेवा.

हसून घ्या. धागा त्यासाठी काढलेला नाही.

संध्याकाळी घरी परतताना त्याच चिडीत इअरफोन खिशात कोंबले आणि खिडकीला टेकलो. आमची लाइन त्या टप्प्यात खांबांवरून जाते, इमारतींच्या तिसऱ्या मजल्याच्या बरोबरीने. दोन स्टेशनांच्या मध्ये एक उंच इमारत आली. रुळांकडची तिची भिंत अर्धी पिवळी रंगवलेली, अर्धी नुसतं सिमेंट. पिवळा जिथे संपतो तिथे, शेजारच्या बुटक्या इमारतीच्या गच्चीवरून, बांबूची शिडी टेकवलेली. माणूस नाही, रंगाचा डबा नाही, काही नाही. आणि तो पिवळा ताजा नव्हता हो! उन्हाने विटलेला, पावसाच्या ओघळांनी काळवंडलेला. काम अर्धवट टाकून कुणीतरी निघून गेल्याला निदान दोन पावसाळे झाले असणार. या लाइनवर मी अडीच वर्षं जातोय, आठवड्याचे पाच दिवस. ती शिडी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. रोज जाऊन-येऊन सत्तर मिनिटं. अडीच वर्षं मी होतो कुठे?

सत्तर मिनिटं हा काही माझ्या एकट्याचा भोग नाही. सेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस पायी चालणारा असो की मोटारवाला, दिवसाचा साधारण एक तास तो ये-जा करण्यात घालवतो. वाहन वेगवान झालं की तास वाचत नाही, शहर पसरतं. थोडक्यात, हा तास कुठलंही यंत्र आपल्याला परत देणार नाहीये. मग तो जाताना निदान आपण हजर असावं, एवढीच माझी मागणी.

दुसरा आकडा जास्त टोचला. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून गाठून विचारलं: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि कसं वाटतंय? २०१० साली निष्कर्ष छापून आले. ४६.९ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं, आणि मन भलतीकडे असताना लोक कमी खूश होते. गंमत अशी की हे विचारायला त्यांनी वापरलं काय, तर आयफोनवरचं अ‍ॅप. फोनने खिशात थरथरून विचारायचं, बाबा रे, आहेस का इथे?

तर मी ठरवलंय. पुढचे पंधरा दिवस प्रवासात फोन बॅगेत, चेन लावून. इअरफोन नाहीत, ध्यानाच्या बाईही नाहीत. कोणी केलंय का असं? टिकतं का? की ही सगळी डोक्यावर पडल्याची लक्षणं आहेत?

नुसतावाचक

एकोणीस दिवसांची साखळी तुटली नाही ना? मग स्टेशन गेलं तर गेलं. (हलके घ्या.)

तिरपी रेघ

लेख आवडला, पण फोन येण्याआधी लोक डब्यात एकमेकांकडे प्रेमाने बघत बसायचे हा जो सूर असतो ना अशा लेखांत, त्याला माझा विरोध आहे. लंडनच्या यूस्टन स्टेशनवर डब्ल्यू. एच. स्मिथचा पुस्तकांचा स्टॉल १८४८ साली सुरू झाला. आगगाडी सुरू झाली आणि पाठोपाठ आगगाडीत तोंड लपवायची सोयही आली. माझ्या लहानपणी डब्यात वर्तमानपत्रांची भिंत असायची, पलीकडे माणूस आहे हे फक्त बोटांवरून कळायचं.

गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपलं होतं. बस, रेल्वे, ट्राम आल्या त्याआधी एकमेकांशी एक शब्दही न बोलता मिनिटंच्या मिनिटं, तासच्या तास एकमेकांकडे बघत बसायची वेळ माणसावर कधी आलीच नव्हती. विचार करा, किती अघोरी प्रकार आहे हा! अनोळखी माणसाचं नाक आपल्या नाकापासून वीतभर अंतरावर, आणि बोलायचं नाही. अशा वेळी नजर ठेवायला जागा लागते. आधी ती पेपरने दिली, आता फोन देतो.

खिडकीवाला

तिरेघ, मुद्दा मान्य. फक्त एक फरक. पेपर संपायचा. शेवटच्या पानावरचं शब्दकोडं झालं की माणूस घडी घालून मान वर करायचा. फोनला शेवटचं पान नाही.

आणि बोलायचं नाही हा नियम आपणच घातलाय बरं का. शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली छापलेला प्रयोग आहे. काही प्रवाशांना सांगितलं, शेजाऱ्याशी बोला. काहींना सांगितलं, गप्प एकटे बसा. बोलणं नकोसं होईल असा लोकांचा अंदाज होता. झालं उलटं, बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त छान गेला.

सांजवेळ

शेजारी कोण आहे त्यावर अवलंबून आहे हो ते.

खिवा, राग मानू नका, पण ज्याच्याकडे कोणी टक लावून बघत नाही त्यालाच खिडकीबाहेर बघायची चैन परवडते. मी रात्री साडेनऊच्या गाडीने परतते. डब्यात पाऊल टाकलं की इअरफोन कानात. निम्म्या वेळा त्यात काहीही वाजत नसतं. गाणं लावलं तर मागून कोण सरकलं ते ऐकू कसं येणार? पण कानात काहीतरी दिसलं की उगीच वेळ विचारणाऱ्यांची संख्या कमी होते, हा स्वानुभव.

फोन हातात असतोच. स्क्रीन मात्र बरेचदा काळी. काळी स्क्रीन जरा तिरकी धरली की आरशासारखी चालते, खांद्यामागे कोण उभं आहे ते त्यात दिसतं. तुम्ही समोर बसला असतात तर म्हणाला असतात, बघा, ही बाई कशी फोनमध्ये बुडालीय. त्या डब्यात माझ्याइतकं हजर दुसरं कोणी नसतं. हजर असणं म्हणजे शांत असणं हे कोणी ठरवलं?

मला उलट एकदा तरी गैरहजर होऊन प्रवास करायचाय. डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, झोप.

पायरी

सांजवेळ, +१००. काळ्या स्क्रीनची युक्ती मला वाटायचं माझी एकटीचीच आहे.

खिडकीवाला

सांजवेळ, राग कसला. खरं सांगतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. समोरची माणसं फोनमध्ये बुडालेली दिसली की मी मनातल्या मनात त्यांना गुण द्यायचो. आता देणार नाही.

घुबड

'क्षणात जगा' हे वाक्यच मला पचत नाही. क्षणात माणूस मरतो. जगायला जरा जास्त वेळ लागतो.

आपल्याकडे यासाठी धड शब्द आहेत. भान आहे, अवधान आहे, चित्त थाऱ्यावर असणं आहे. भान येतं, जातं, हरपतं, त्यावर आपला फार ताबा नाही. अवधान मात्र *द्यावं* लागतं, आणि द्यायचं म्हणजे कशाला तरी द्यायचं. त्या अ‍ॅपवाल्या बाई कशाला ते सांगतच नाहीत, म्हणून खिवांनी ते सगळंच्या सगळं बाईंनाच दिलं आणि स्टेशन हुकलं. साधा हिशेब आहे.

दुसरं, मन भटकलं की एवढी बोंब कशाला? मला कामातल्या निम्म्या अडचणींची उत्तरं गाडीत, कुठेही न बघता, तंद्रीत सुचलेली आहेत. तुमच्या त्या दोन शास्त्रज्ञांनी माझ्या तंद्रीत फोन वाजवून विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं, खूश नाही म्हणून. तंद्री मोडली की कोण खूश असतो?

कानसेन

इथे पहिल्यांदाच लिहितोय. मला दिसत नाही. हा प्रतिसाद फोनवर बोलून टंकवलाय आणि फोननेच तो मला वाचून दाखवलाय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

धागा ऐकताना मजा वाटली, कारण माझ्या बाबतीत गणित उलटं आहे. फोन मला इथे आणतो. चालताना तो सांगतो, पन्नास मीटरवर उजवीकडे. बसच्या पाटीवर त्याला धरलं की नंबर वाचून दाखवतो. इअरफोन मी हाडांतून आवाज पोचवणारे घेतलेत, ते कानाच्या पुढे गालाच्या हाडावर बसतात, कान मोकळे राहतात. कान बंद करून रस्त्यावर चालणं ही डोळसांची चैन आहे, मला ती जमणार नाही.

पण गाडीत बसलो की फोन खिशात. तिथे तो लागत नाही. माझं स्टेशन कसं ओळखतो सांगू? गाडी आधी डावीकडे झुकते आणि चाकांचा चिरका आवाज येतो, वळण आहे तिथे. मग आवाज एकदम बसका होतो, म्हणजे बोगदा. पायाखालची थरथर बदलते. मग ब्रेक. घोषणा त्यानंतर होते, आणि एकदोनदा चुकीची झालेली आहे. पूर्ण डबा उठला, मी बसून राहिलो.

मला वर्तमानात राहा असं कोणी शिकवायची गरज पडली नाही. मी जरा इकडेतिकडे झालो की खांब मला आठवण करून देतो.

चष्मेबहाद्दर

कानसेन, दंडवत घ्या. तुमचं वाचून आज परतताना डोळे मिटून बघितले. तिसऱ्या स्टेशनला हिशेब चुकला.

अनवाणी

प्रवास म्हणजे रोजचाच का, सहलीतला पण चालेल ना? मग माझी फजिती ऐका.

लंडनला गेले होते. भुयारात फोनला रेंज येईना म्हणून म्हटलं, चला, आज फोनशिवाय, जुन्या पद्धतीने. भिंतीवरचा नकाशा बघितला. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन, एकच स्टेशन. बसले गाडीत. बसले म्हणजे टेकायच्या आत आलं की स्टेशन! नंतर कळलं की या दोन स्टेशनांत जेमतेम २६० मीटर आहेत, अख्ख्या अंडरग्राउंडमधलं सर्वांत कमी अंतर. लोक हसत हसत चालत जातात.

तो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने केलेला, १९३३ मध्ये छापला गेला. जमिनीवरची खरी अंतरं त्यात नाहीतच. रेघा सरळ, आडव्या नाहीतर तिरक्या, आणि स्टेशनं साधारण सारख्या अंतरावर मांडलेली. बेकचं म्हणणं असं की भुयारातल्या माणसाला वर काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, गाडी कुठे बदलायची तेवढं कळलं की झालं. म्हणजे शहर न बघता शहरातून जाण्याची सोय नव्वद वर्षांपूर्वीच झाली होती, मी उगाच फोनला बोल लावत होते.

पुढचं तर ऐका. लिफ्टला ही गर्दी. म्हटलं जिन्याने जाऊ. गोल गोल लोखंडी जिना, १९३ पायऱ्या. पन्नासाव्या पायरीनंतर भूतकाळ गेला, शंभराव्याला भविष्यकाळ. त्यानंतर मी आणि माझे गुडघे, संपूर्ण वर्तमानात.

नुसतावाचक

अनवाणी, हे अ‍ॅपमध्ये घालायला हवं. 'आता शंभरावी पायरी.'

अनवाणी

हाहा. फोटोंचं राहिलं. पॅरिसच्या लूव्रमध्ये मोनालिसासमोर उभी होते. चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटर, आणि माझ्या पुढे निदान तीसेक हात वर केलेले. मी चित्र पाहिलं ते पुढच्या माणसाच्या स्क्रीनवर, आणि तरीही हात वर करून मी त्या स्क्रीनचाच फोटो काढला! घरी येऊन पाहिला तर मोनालिसाच्या स्क्रीनवर बॅटरी अकरा टक्के.

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात याची परीक्षा घेतली होती. त्यांचा निबंध २०१४ चा. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या वस्तू त्यांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त. पण झूम करून वस्तूच्या एखाद्या भागाचाच फोटो काढायला सांगितलं तेव्हा हा तोटा दिसला नाही, आणि कॅमेऱ्याच्या बाहेर राहिलेला भागही तेवढाच आठवला. तेव्हापासून मी सहलीत अख्ख्या इमारतीचा फोटो काढत नाही. कडी, बिजागरी, कठड्याचा एखादा गज. नवरा म्हणतो, आपण कुठे गेलो होतो ते या फोटोंवरून पोलिसांनाही शोधता येणार नाही.

चष्मेबहाद्दर

रस्त्यांचंही तेच. लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहराच्या मध्यावरच्या चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चालकांचे मेंदू स्कॅन केले तर हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे रस्ते लक्षात ठेवायला लागणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा निघाला. आमचा मेंदू मात्र 'पुढील चौकात डावीकडे'वर पोसलेला.

पायरी

माझं उलट मत. फोन रस्ता सांगतो म्हणून मी परक्या शहरात एकटी हिंडू शकते. आधी सगळं लक्ष रस्ता चुकण्याच्या भीतीत जायचं. आता मान वर करून सज्जे बघत चालते.

जुनी कॅसेट

थोडं अवांतर. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला बाजारात आला. त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकायला, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. एकट्याने कान झाकून बसणं उद्धटपणाचं दिसेल, अशी करणाऱ्यांनाच धाकधूक होती म्हणे. पुढे दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. कोणाची तक्रार आली नाही.

रुळांवरून

बरेच दिवस वाचनमात्र होते, या धाग्यावर राहवलं नाही. मी मेट्रो चालवते. कुठली ते विचारू नका.

ड्यूटीवर आमचा फोन बंद करून बॅगेत असतो. म्हणजे खिवांचे पंधरा दिवस ही आमची रोजचीच नोकरी आहे. त्या अनुभवावरून सांगते, फोन नसला की लक्ष असतं हे साफ खोटं. तेच रूळ, तेच सिग्नल, तीच स्टेशनं. तिसऱ्या फेरीला माणूस डोळे उघडे ठेवून घरी पोचलेला असतो, आणि हात मात्र बरोबर चालत असतात. खरी भीती त्याचीच.

म्हणून आम्हाला बोट दाखवायला शिकवतात. सिग्नल दिसला की हात सरळ लांब करायचा, सिग्नलकडे बोट करायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "सिग्नल हिरवा." वेगमर्यादेची पाटी आली की बोट आणि आकडा. दारं बंद झाली की दिव्याकडे बोट, "दारं बंद." मूळ पद्धत जपानी रेल्वेची, शंभराहून जास्त वर्षांची. तिकडे 'शिसा कांको' म्हणतात, म्हणजे बोट दाखवून पुकारणं. १९९४ मध्ये तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने चाचणी घेतली. नुसतं काम करताना दर १०० कृतींमागे २.३८ चुका झाल्या, बोट आणि आवाज दोन्ही असताना ०.३८. न्यूयॉर्कच्या सबवेत १९९६ पासून गार्ड दारं उघडण्याआधी फलाटाच्या मध्यावर टांगलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवतो. गाडी नीट उभी आहे याची ती खूण. तिकडे गेलात तर बघा, प्रत्येक स्टेशनला प्रत्येक गाडीचा गार्ड खिडकीतून बोट काढतो.

सुरुवातीला लाज वाटते. एवढ्याशा केबिनमध्ये एकटं बसून दिव्यांशी बोलायचं! प्रशिक्षणात सिम्युलेटरवर एकदा मी लाल सिग्नलकडे बोट करून "हिरवा" म्हणाले. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि कानाने पकडला, तेव्हा पोटात खड्डा पडला. डोळ्यांनी नव्हता पकडला. डोळ्यांना रोज तिथे हिरवा दिसायचा, त्या दिवशीही त्यांनी हिरवाच बघितला. त्या दिवसापासून लाज गेली.

आता मुद्द्याचं. बोट आम्ही अखंड दाखवत नाही. ठरलेल्या खुणांनाच दाखवतो. गाडीवर लक्ष असतंच, पण दोन खुणांच्या मधे मन जरा सैल पडतं, आणि कुठल्याही माणसाचं पडणारच. खूण आली की ते ओढून आणायचं. सत्तरच्या सत्तर मिनिटं जागं राहीन असं म्हणणारा माणूस मला तरी केबिनमध्ये नको. घुबड म्हणतात ना की अवधान कशाला तरी द्यावं लागतं, तर आमच्याकडे ते बोटाने देतात, एवढंच.

ता. क. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. खिवा, तुमची शिडी फार तर तीन-चार सेकंद दिसत असेल. तेवढ्यात तुम्ही ओघळसुद्धा पाहिलेत. वाईट नाही.

घुबड

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा. माझी तंद्री वाचवल्याबद्दल आभार.

तिरपी रेघ

रुळांवरून, _/\_. बौद्धांच्या सतिपट्ठानात, म्हणजे भान ठेवण्याच्या साधनेत, नेमकं हेच आहे. चालताना 'चालतोय' असं जाणावं, उभं असताना 'उभा आहे' असं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं शहाणपण, आणि ते सापडलं कुठे, तर मेट्रोच्या केबिनमध्ये.

खिडकीवाला

नऊ दिवस झाले. अहवाल.

पहिले दोन दिवस हात आपोआप खिशाकडे जात होता. खिसा रिकामा, तरी मांडीवर फोन थरथरल्याचा भास. तिसऱ्या दिवशी गाडी बोगद्यात वीस मिनिटं अडकली आणि मी हरलो. बॅगेची चेन उघडली, सगळ्या बातम्या वाचल्या, हवामानसुद्धा. वीस मिनिटं अंधाऱ्या भिंतीकडे बघण्यात कसलाही साक्षात्कार नाही, लिहून ठेवा.

चौथ्या दिवशी रुळांवरून ताईंचा प्रतिसाद आला आणि मी पंधरा दिवसांचा नियम मोडीत काढला. आता फोन खिशात असतो, वाचतो, आईला उत्तर देतो. फक्त चार खुणा ठरवल्यात. गाडीत पाय टाकताना एक. खांबांवर गाडी चढते आणि डब्यात एकदम उजेड येतो ती दुसरी. तिसरी शिडी. चौथी माझं स्वतःचं स्टेशन, कारण इतिहास तुम्हाला माहीत आहे. खूण आली की फोन खाली, आणि तोंडातल्या तोंडात पुकारायचं. बोट पूर्ण लांब करायची हिंमत नाही, मांडीवरच एक बोट उचलतो.

उजेडाच्या जागेला मी "उजेड" म्हणतो. परवा जरा मोठ्याने म्हणालो. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मग बाहेर बघितलं आणि म्हणाले, "हो, आज जास्त आहे." मी बघितलं तर खरंच. रोज समोर असणारं होर्डिंग उतरवलेलं, नुसता सांगाडा उरला होता, त्यातून ऊन थेट डब्यात.

आजोबांशी पुढे काही बोलणं झालं नाही. शिकागोवाल्यांनी माफ करावं.

सांजवेळ

चार खुणा मला पण जमतील. एक मी आत्ताच ठरवली. माझ्या स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर, वर पोचताना, इअरफोन काढायचे. तिथे आमचा नेहमीचा रखवालदार असतो, तिथून पुढे मला भीती नसते. कळवते.

कानसेन

माझं वळण आज गुळगुळीत वाटलं, चिरका आवाज नाही. रुळांना तेल दिलंय का? रुळांवरून, असं करतात का?

रुळांवरून

करतात, कानसेन. वळणावर रुळाच्या आतल्या कडेला वंगण देतात, चाकाची कड तिथे घासते म्हणून. तुमच्या डब्यातल्या दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

कानसेन

पंचाईत आहे मग. आता स्टेशन बोगद्याच्या आवाजावरून ओळखावं लागेल.

नुसतावाचक

खिवा, सगळं ठीक, पण शिडीचं काय? इथे माणसं ताटकळलीयत.

खिडकीवाला

शुक्रवारपर्यंत जागच्या जागी होती. आज सकाळी "शिडी" म्हणालो आणि रुळांवरून ताईंसारखं कानाने पकडलं, कारण शिडी नव्हती. भिंत तशीच, अर्धी पिवळी. सिमेंटच्या भागावर शिडीच्या दोन टोकांचे फिकट डाग आहेत.

संध्याकाळी परतताना उलट्या बाजूला बसायला मिळालं, दिसलं नाही. उद्या सकाळी बघून सांगतो.